टीएचा जवान सैनिक आहे की नाही, एकदाचं सांगून टाका

पोस्ट मोठी आहे. ज्यांना फोटो बघून 'जय हिंद' टाकून पुढं जायचंय त्यांनी आत्ताच पुढं गेलं तरी चालेल.

९ ऑक्टोबरला टेरिटोरियल आर्मीचा स्थापना दिवस असतो. त्या दिवशी आपल्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर हमखास एकच फोटो फिरतो. वर्दीतला धोनी. काही हुशार मंडळी शेजारी सचिन तेंडुलकरचाही फोटो चिकटवतात. सचिनचा टीएशी संबंध नाही, तो हवाई दलाचा मानद ग्रुप कॅप्टन आहे. पण असो, फॉरवर्ड करणाऱ्याला एवढं कोण विचारतंय.

धोनीवर माझा राग नाही हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच सुरू होईल. २०११ मध्ये त्याला मानद लेफ्टनंट कर्नल केलं. २०१५ मध्ये त्यानं आग्र्याला रीतसर पॅराशूटच्या उड्या मारल्या. २०१९ मध्ये पंधरा दिवस काश्मीरमध्ये १०६ पॅरा टीए बटालियनबरोबर राहिला. हौशीपेक्षा जास्त केलं त्यानं. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच टीएमध्ये आपल्या भागातली शेकडो पोरं आहेत, होती. त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? शेजारच्या गल्लीतला, दूध संस्थेत काम करणारा, वर्षातून दोन महिने 'कॅम्पला जातो' म्हणून गायब होणारा माणूस नक्की कुठं जातो, हे कधी विचारलंय का?

तो कोल्हापूरला टेंबलाईवर जातो, १०९ टीए मराठा लाइट इन्फंट्रीत. किंवा पुण्याच्या १०१ ला, देवळालीच्या ११६ पॅराला, बेळगावच्या ११५ महारला. नागपूरचा सीताबर्डी किल्ला वर्षातून मोजून तीन दिवस लोकांना बघायला उघडतात ना, तो बाकीचे दिवस बंद असतो कारण तिथं टीएची ११८ ग्रेनेडियर्स बटालियन राहते. पुण्यात या सगळ्यांच्या वर दक्षिण कमांडचं टीए ग्रुप मुख्यालय आहे, त्याचा प्रमुख ब्रिगेडियर दर्जाचा असतो. म्हणजे ही काही होमगार्डची मोठी बहीण नाही. ही राखीव फौज आहे. शस्त्र तेच, वर्दी तीच, बोलावल्यावर पोस्टिंगही तिथंच.

आणि या राखीव फौजेचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर आपली म्हण आहेच, गरज सरो वैद्य मरो.

सुरुवात इंग्रजांपासून करू, कारण सवय तिथूनच लागली. पहिलं महायुद्ध पेटलं आणि सरकारला माणसं कमी पडायला लागली. महार समाजाची भरती १८९० च्या दशकात 'लढाऊ जात नाही' असं ठरवून बंद केली होती. ज्या समाजाच्या घराघरात सुभेदार-जमादार होते, बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, त्या समाजाला एका सहीनं बाहेर काढलं. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. सगळे केराच्या टोपलीत. पण युद्ध अंगाशी आल्यावर १९१७ मध्ये त्याच लोकांची १११ वी महार पलटण उभी राहिली. तेव्हा जात आडवी आली नाही. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. पुन्हा दुसरं महायुद्ध येईपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आज ती रेजिमेंट सैन्याचा अभिमान आहे, पण मधल्या वीस वर्षांत त्या पलटणीतल्या माणसांनी काय खाल्लं, हा हिशेब कुठल्या रेजिमेंटल पुस्तकात मांडत नाहीत.

त्याच काळात, जून १९१८ मध्ये, मुंबईत गव्हर्नर विलिंग्डननं युद्ध परिषद बोलावली. टिळक गेले. सैनिक देऊ, पण त्याबरोबर राजकीय हक्कांचं बोला, असा त्यांचा सूर होता. गव्हर्नरनं मध्येच अडवलं आणि टिळक उठून बाहेर पडले. माणसं हवीत, त्यांच्या अटी नकोत. पुढची शंभर वर्षं हेच चाललंय.

१९२० मध्ये इंग्रजांनी दोन राखीव दलं कायद्यानं केली. एक ऑक्झिलिअरी फोर्स, युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी. दुसरं इंडियन टेरिटोरियल फोर्स, आपल्यासाठी. पहिल्याला मशीनगनपासून चिलखती गाड्यांपर्यंत सगळं. दुसरे पायदळ, हातात रायफल. कॉलेजातल्या पोरांसाठी युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर होतं, स्वातंत्र्यानंतर त्याच वाटेनं एनसीसी आली. आजची टीए ही त्या दुसऱ्या, दुय्यम दलाची वारस आहे.

स्वातंत्र्य मिळालं. १९४८ मध्ये टेरिटोरियल आर्मी कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी उद्घाटन केलं. कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे. गरीब देशाला कायमचं मोठं सैन्य परवडत नाही, तर नोकरी-धंदा करणाऱ्या नागरिकांना लष्करी शिक्षण द्यायचं, एरवी घरी पाठवायचं, संकट आलं की बोलवायचं. सुरुवातीला टीएमध्ये काय नव्हतं? पायदळ होतं, विमानभेदी तोफा होत्या, किनाऱ्यावरच्या तोफा होत्या, सिग्नल, इंजिनिअर, फिल्ड अँब्युलन्स, वर्कशॉप. १९६२, १९६५, १९७१, तिन्ही युद्धांत टीए बोलावली गेली. आणि १९७२ पर्यंत पायदळ सोडून या बहुतेक तुकड्या एकतर नियमित सैन्यात मिसळल्या किंवा मोडल्या. त्यात लष्करी तर्क असेल, मी त्यातला तज्ज्ञ नाही. पण राखीव फौज ही उभी करायला आणि मोडायला सगळ्यात सोपी वस्तू आहे, हे दिल्लीला तेव्हाच कळलं होतं.

मध्ये एक गंमत सांगतो, खरं तर गंमत नाही. रेल्वेचीही टीए आहे. रेल्वेचेच कर्मचारी, युद्धात गाड्या चालू राहाव्यात म्हणून त्यांना वर्दी दिलेली. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिसांचा तो प्रसिद्ध रेल्वे संप झाला तेव्हा गाड्या चालत्या ठेवायला हीच वर्दी कामाला आली. कामगाराला कामगाराविरुद्ध उभं करायला राखीव फौज! अलीकडे रेल्वेनं तिच्या सहापैकी पाच टीए रेजिमेंट गुंडाळायचा निर्णय घेतला, जमालपूरची तेवढी ठेवली. काम झालं, घरी जा.

आता आजच्या जवानाकडं येऊ.

टीएमध्ये दोन शब्द आहेत, प्रत्येक जवानाला ते पाठ असतात. एम्बॉडी आणि डिसएम्बॉडी. एम्बॉडी म्हणजे सेवेवर बोलावलं. डिसएम्बॉडी म्हणजे जा घरी. सेवेवर असतो तोवर पगार, रेशन, दवाखाना, कॅन्टीन सगळं रेग्युलर जवानासारखं. हे नीट आहे, त्यावर तक्रार नाही. डिसएम्बॉडी झालं की शून्य. पगार नाही, दवाखाना नाही.

पेन्शन? आहे की! जवानासाठी पंधरा वर्षांची सेवा झाली की पेन्शन. फक्त ही पंधरा वर्षं एम्बॉडी सेवेची हवीत. ज्या बटालियनमध्ये वर्षाला दोन महिनेच बोलावतात, त्यातल्या पोराचा हिशेब तुम्हीच करा. पंधरा वर्षं म्हणजे एकशे ऐंशी महिने. वर्षाला दोन. नव्वद वर्षं लागतात. अठराव्या वर्षी भरती झाला तर एकशे आठाव्या वर्षी पेन्शन सुरू.

कुणी म्हणेल, दोन महिन्यांच्या कामाला कसली पेन्शन मागता? बरोबर. मग दोन महिन्यांचंच काम घ्या. पण तसं होतं का? काश्मीर आणि ईशान्य भारतात टीएच्या बटालियन वर्षानुवर्षं उभ्या आहेत. कुणाची सहा वर्षं भरतात, कुणाची नऊ, कुणाची बारा. बोलावणं किती दिवसांचं हे जवानाच्या हातात नसतं, त्याच्या बटालियनची गरज कुठं आणि कधी लागते यावर असतं. बारा वर्षं भरली आणि बटालियनची गरज संपली तर बारा वर्षं घरी घेऊन यायची. भरतीच्या जाहिरातीत छापलेलंच असतं की ही कायम नोकरीची हमी नाही. हमी नाही हे छापलेलं आहे, जीव मात्र पूर्ण वेळ मागितला जातो.

जीव हा शब्द मी भावनेच्या भरात लिहिला नाही. ३० जून २०२२ ची पहाट आठवा. आठवणार नाही, कारण आदल्या रात्री उद्धव ठाकऱ्यांनी राजीनामा दिला होता आणि त्या दिवशी संध्याकाळी एकनाथ शिंद्यांचा शपथविधी होता. अख्खा महाराष्ट्र टीव्हीला चिकटून होता, गुवाहाटीहून कोण आलं आणि कोण कुठल्या हॉटेलात उतरलं हे बघत. त्याच गुवाहाटीच्या पलीकडं, मणिपूरच्या नोनी जिल्ह्यात, तुपुलला त्या रात्री डोंगर खचला. जिरीबाम-इंफाळ रेल्वेमार्गाचं काम चालू होतं. त्या कामाच्या संरक्षणाला १०७ टीए गोरखा बटालियनची कंपनी तिथं तळ ठोकून होती. सगळा तळ मातीखाली गेला. साठाहून जास्त माणसं गेली, त्यातली जवळपास निम्मी टीएची. आपल्या पडद्यावर या बातमीला खाली पट्टीत जागा मिळाली, ती पण मधूनमधून. ते 'अर्धवेळ' सैनिक होते. मेले पूर्ण.

दुसरं नाव सांगतो. लान्स नाईक नझीर अहमद वाणी. कुलगामचा माणूस. तरुणपणी बंदुकीच्या वाटेला गेलेला, मग परत फिरलेला, २००४ मध्ये १६२ टीए बटालियनमध्ये भरती झालेला. दोनदा सेना मेडल. २५ नोव्हेंबर २०१८ ला शोपियानच्या बटगुंडमध्ये चकमकीत गेला. प्रजासत्ताक दिनी त्याच्या बायकोनं राष्ट्रपतींच्या हातून अशोकचक्र घेतलं. शांतताकाळातला देशातला सर्वोच्च शौर्य सन्मान. तो टीएचा होता. आपल्याकडं किती जणांनी त्याचा फोटो फिरवला? नाव बघून बोट थांबलं असेल तर ते मनातल्या मनात कबूल करा, कमेंट करायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. 'माजी सैनिक' म्हणजे कोण, याची सरकारी व्याख्या आहे. टीएपुरती ती अशी: सलग एम्बॉडी सेवेची पेन्शन मिळणारे, लष्करी सेवेमुळं अपंगत्व आलेले, आणि शौर्यपदक मिळालेले. या तिघांत तुम्ही बसत नसाल तर तुम्ही माजी सैनिक नाही. बारा वर्षं बर्फात उभं राहून, हातपाय शाबूत घेऊन, पदक न मिळवता परत आलात ही तुमची चूक. म्हणजे पाय गमावला असता तर कार्ड मिळालं असतं.

कार्ड नाही म्हणजे काय काय नाही? नोकरीतलं माजी सैनिकांचं आरक्षण नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी माफी नाही. पोराला वसतिगृहात जागा नाही. आमच्या भागातला एक माजी टीए जवान, वय पंचेचाळीसच्या आसपास, मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी दाखला मागायला जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेला होता. मी दुसऱ्या कामासाठी तिथंच होतो. टेबलावरच्या बाबूनं कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, "दादा, तुमची सेवा आहे, पण तुम्ही सैनिक नाही." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय. बाबूचा दोष नाही, त्याच्यासमोर परिपत्रक होतं. बाहेर चहाच्या गाड्यावर तो जवान मला म्हणाला, "साहेब, कुपवाड्याला बर्फात हुबा हुतो तवा कुणी म्हणालं न्हाई, तू सैनिक न्हाईस म्हणून."

याच माणसाची दुसरी गोष्ट ऐका. तो एका खाजगी सूतगिरणीत कामाला होता. पहिल्यांदा सेवेवर गेला तेव्हा मॅनेजरनं गेटवर सत्कार केला, नारळ, शाल, फोटो. परत आला तेव्हा त्याच्या जागी दुसरा माणूस. पुन्हा घेतला तो रोजंदारीवर, जुनी वर्षं गेली. त्याला कुणी सांगितलं नाही की यासाठी कायदा आहे. टेरिटोरियल आर्मी कायद्याचं कलम ७-अ वाचा. लष्करी सेवेवर बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर आधीपेक्षा कमी नाही अशा अटींवर कामावर घेणं मालकाचं कर्तव्य आहे. नाही घेतलं तर? सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई आणि हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपये! हे कलम पन्नासच्या दशकात घातलं तेव्हा हजार रुपयांत बरंच काही यायचं. आज गाडीला पीयूसी नसेल तर याहून जास्त दंड बसतो. आणि हा कायदा वापरून आपल्या भागात एका तरी मालकाला नोटीस गेली आहे का? मी पंधरा-वीस वर्षं बातमीदारी करतोय, माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता नेहमीचा युक्तिवाद. गेल्या वर्षी एका कट्ट्यावर मी हे बोललो तेव्हा एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अहो, पण सही करूनच जातात ना? अटी माहीत असतात. मग रडायचं कशाला?"

या युक्तिवादाला उत्तर मी देत नाही, सुप्रीम कोर्टानंच दिलंय.

कुमाऊँकडचा एक जवान. वीसहून अधिक वर्षं नियमित सैन्यात काढून निवृत्त झाला आणि मग टीएच्या पर्यावरण बटालियनमध्ये, इको टास्क फोर्समध्ये, पुन्हा भरती झाला. या बटालियन उजाड डोंगरावर झाडं लावतात. पहिली १९८२ मध्ये डेहराडूनला उभी राहिली, चुनखडीच्या खाणींनी सोललेल्या मसुरीच्या डोंगरांसाठी. आपल्याकडं मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला १३६ इको बटालियन आहे, महार रेजिमेंटची, तिचा खर्च राज्य सरकार देतं. तर हा कुमाऊँचा जवान २००९ मध्ये सुट्टीवर असताना अपघातात सापडला. पाय कापावा लागला. अपंगत्व ८० टक्के. लष्कराच्याच चौकशीत ते सेवेशी निगडित ठरलं. तरी अपंगत्व पेन्शन नाकारली. कारण? भरतीच्या वेळी त्याच्याकडून लिहून घेतलं होतं की असे लाभ मागणार नाही. सही होती ना!

लष्करी न्यायाधिकरणानं त्याला परत पाठवलं. तो सुप्रीम कोर्टात गेला. १७ डिसेंबर २०२१ ला निकाल लागला. खंडपीठ न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई. कोर्टानं दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या. एक, टीएचा हा जवान सैन्याचाच भाग आहे, नियमित सैनिकाला जे अपंगत्व पेन्शनचे नियम लागू आहेत ते त्यालाही लागतील. दोन, त्या सहीचा आधार घेऊ नका. एकीकडं अख्खं सरकार आणि दुसरीकडं नोकरी हवी असलेला एक जवान, अशा वेळी ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यापलीकडं त्याच्या हातात काय असतं? ही बरोबरीच्या दोघांमधली बोली नव्हे.

तेव्हा कट्ट्यावरच्या काकांनो, 'सही केली होती' हे आता पुरत नाही.

पण एक बघा. हा निकाल एका माणसाला मिळाला. पाय गेल्यानंतर बारा वर्षांनी, वकील लावून, दिल्लीपर्यंत जाऊन. आपल्या तालुक्यातला सूतगिरणीवाला दिल्लीला जाणार आहे का? त्याला जिल्ह्याला जायला एसटीचं भाडं काढावं लागतं.

आणि सरकारला टीएची किंमत माहीत नाही असं अजिबात नाही. ६ मे २०२५ ची अधिसूचना आठवा. ऑपरेशन सिंदूरचे दिवस. टीए नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना अधिकार दिले की लागेल तसे टीएचे अधिकारी आणि जवान सेवेवर बोलवा. ३२ पैकी १४ पायदळ बटालियन वेगवेगळ्या कमांडमध्ये तैनात करायच्या, मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत. त्या यादीत दक्षिण कमांडही होती. तेव्हा आपल्याकडं छातीवर हात ठेवून पोस्टी पडल्या, 'आता टीए पण उतरणार'. अँकर तर असे ओरडत होते की जणू त्यांनाच बोलावणं आलंय. त्या अधिसूचनेच्या पुढं आणखी एक ओळ असती तर? की या काळात बोलावलेल्या प्रत्येकाचा प्रत्येक दिवस मोजला जाईल, परतल्यावर त्याची नोकरी त्याला मिळाली की नाही हे जिल्हाधिकारी बघतील. नव्हती अशी ओळ.

काही मित्र म्हणतील, पैसा कुठून आणायचा, आधीच पेन्शनचा बोजा केवढा. पेन्शनच द्या असं मी म्हणत नाहीये. जितके दिवस भरले त्या प्रमाणात एकरकमी द्या, किंवा भविष्य निर्वाह निधीसारखं खातं काढा, जे डिसएम्बॉडी झाल्यावरही त्याच्याच नावावर राहील. गिरणीतल्या कामगाराला हे कायद्यानं मिळतं, बांधकाम मजुरासाठी मंडळ आहे. बंदूक घेतलेल्या माणसाला द्यायला तिजोरी रिकामी कशी होते? अग्निवीरला चार वर्षांनी निदान सेवा निधीची रक्कम हातात पडते. ती योजना मला पटत नाही, त्यावर पूर्वी लिहिलंय, पण तिथं किमान आकडा ठरलेला आहे. टीएवाल्याला आकडाही नाही.

शिवाय काही गोष्टींना दिल्लीची गरजच नाही. घरपट्टी कुणाला माफ करायची हे राज्य ठरवतं. राज्याच्या सवलतींसाठी 'इतके महिने एम्बॉडी सेवा झालेला टीए जवान' अशी एक ओळ शासन निर्णयात घालायला मुंबईत कुणाची परवानगी लागते? आमदारसाहेब दर कारगिल दिनाला माजी सैनिकांच्या मेळाव्यात फेटा बांधून बसतात. त्या मेळाव्यात टीएच्या माणसाला आमंत्रणच नसतं, कारण यादी कार्डावरून काढतात. एकदा त्यांनी मागच्या खुर्च्यांवर बघावं, तिथं दोन-तीन जण बोलावणं नसताना जुनी बेरेट घालून आलेले असतात.

भरतीच्या मैदानावरचं चित्रही बघून या एकदा. भरती निघाली की आदल्या रात्रीपासून पोरं फुटपाथवर झोपलेली असतात, पाठीला सॅक, सॅकेत आईनं दिलेल्या चपात्या आणि झेरॉक्सची थप्पी. सोलापूर, सांगली, बीड, लातूर, कुठून कुठून येतात. अठरा ते बेचाळीस वयाची अट, त्यामुळं अग्निवीरचं वय उलटून गेलेले, चेहऱ्यावर संसार दिसायला लागलेले गडीसुद्धा त्या रांगेत असतात. त्यांना नव्वद वर्षांचं गणित कुणी सांगत नाही. अकादमीवाले तर नाहीच, त्यांची फी भरलेली असते.

माझं म्हणणं भरतीला जाऊ नका असं नाही. जा. चांगली फौज आहे, शिस्त आहे, माणूस घडतो. पण जाताना सहीच्या आधी कागद वाचा, आणि आल्यावर गप्प बसू नका.

तर आता काम. खासदारांच्या कार्यालयाशी माझं बोलणं झालंय. हिवाळी अधिवेशनात प्रश्न विचारायचा तर हातात आकडे हवेत, आणि आपल्या तालुक्यात टीएचे किती माजी जवान आहेत याची यादी कुणाकडंच नाही. ती आपणच करतोय. ज्यांच्या घरात कुणी टीएमध्ये आहे किंवा होतं, त्यांनी येत्या दोन रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत तालुका वाचनालयात यावं. डिस्चार्ज बुकची झेरॉक्स आणा. एम्बॉडी आणि डिसएम्बॉडीच्या तारखांचं पान नक्की आणा, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. परत आल्यावर नोकरी गेली असेल तर नेमणुकीचा जुना कागद, पगाराची चिठ्ठी, असेल ते आणा. कुणाचा डिस्चार्ज हरवला असेल तरी या, बटालियनला अर्ज कसा लिहायचा ते तिथं बसून लिहून देऊ. आपले एक वकील मित्र दोन्ही रविवारी येणार आहेत, पैसे घेणार नाहीत.

आणि धोनीचा फोटो घेऊन कुणी येऊ नका.